जुन्या संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवण्यापूर्वी

कचेरीत वापरून झालेला संगणक गेमिंगसाठी सुधारायचा असेल, तर कार्डांच्या किमती पाहण्याआधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरील (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरील) लेबल वाचावे. मोठ्या अक्षरांत छापलेल्या एकूण वॉटपेक्षा ‘+१२ व्होल्ट’च्या रकान्यातील अँपिअरचा आकडा महत्त्वाचा असतो, कारण कार्ड आणि प्रोसेसर यांची बहुतेक सारी भूक त्याच वाटेने भागते. तेथे १६ अँपिअर लिहिले असतील, तर हाताशी (१२ × १६) १९२ वॉटच आहेत.

एसएमपीएसमधून सहा पिनांची जादा वायर निघत नसेल, तर मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटांत भागणारे कार्ड निवडावे. जीटीएक्स १६५० या कार्डाची काही मॉडेल तशी आहेत, काहींना मात्र वेगळी वायर लागते. म्हणून केवळ खोक्यावरचे नाव न पाहता कार्डाच्या कडेला पिनांचे सॉकेट आहे का, ते पाहावे. आरएक्स ६४०० या कार्डाला ५३ वॉट पुरतात, पण ते स्लॉटच्या चारच लेनवर (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांवर) चालत असल्याने पीसीआय एक्स्प्रेस ३.० या जुन्या, कमी वेगाच्या स्लॉटच्या मदरबोर्डवर मागे पडते. अशा जुन्या संगणकासाठी मी ते घेणार नाही. कॅबिनेट अरुंद असेल, तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचे कार्डच बसते.

रॅम घेताना १६ जीबीच्या एका स्टिकऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी माहितीची ने-आण) मिळते. मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र जुने कार्ड घेताना ते दुकानातच जोडून, निदान पंधरा मिनिटे गेम चालवून पाहावे. नुसता डेस्कटॉप दिसला म्हणून पैसे देऊ नयेत.