ॲटलास पतंग कसा ओळखावा

पावसाळ्यात सह्याद्रीलगतच्या एखाद्या गावी, रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळच्या भिंतीवर तळहाताहून मोठा, तांबूस-तपकिरी पतंग बसलेला दिसला, तर तो ॲटलास असण्याची शक्यता बरीच असते. तरीही केवळ आकारावरून निर्णय करू नये. मोठ्या मादीचा पंखविस्तार सुमारे 24 सेंटिमीटरपर्यंत असू शकतो, पण नर तिच्याहून लहान असतो.

प्रथम पंखांचा मध्यभाग पाहावा, कारण ओळखीची सर्वांत भरवशाची खूण तेथेच असते. चारही पंखांवर काळसर कडा असलेली त्रिकोणी खिडकी दिसते. त्या जागी खवले नसल्यामुळे पंखाचा पातळ पडदा उघडा राहतो आणि मागच्या भिंतीचा किंवा पानाचा रंग त्यातून जाणवतो. भंडारा-गडचिरोली भागात ज्याचे कोष ऐनाच्या झाडांवर घेतले जातात, तो टसर पतंग याच कुळातील आहे, परंतु त्याच्या पंखांवरील ठिपके गोल असतात. मून मॉथ फिकट हिरवा असून त्याच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात, त्यामुळे तेथे घोटाळा होण्याचे कारण नाही.

त्यानंतर पुढच्या पंखांची बाहेर वळलेली टोके पाहावीत. त्यांवरील काळा ठिपका आणि पिवळसर-गुलाबी छटा यांमुळे बाजूने पाहिलेल्या सापाच्या डोक्याचा भास होतो. पंख झिजलेले असतील तर ही खूण मिळेलच असे नाही. अशा वेळी खिडक्यांवरच विसंबावे.

नर-मादी ओळखण्यासाठी स्पर्शिका, म्हणजे डोक्यावरील मिशा, पाहाव्यात. मादी पोटाच्या टोकातून गंध सोडते आणि नर तो दूरवरून टिपतो, म्हणून त्याच्या स्पर्शिका रुंद, पिसासारख्या असतात. मादीच्या स्पर्शिका अरुंद असतात आणि पोट जाड असते.

पतंगाला हात लावू नये, कारण खवले सहज निघतात. साखरपाणीही ठेवू नये: प्रौढ पतंगाचे मुखावयव खाण्याच्या कामाचे नसतात आणि सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम एक-दोन आठवडे जगतो. दिव्याभोवती फडफडण्यात ती शक्ती वाया जाऊ नये, यासाठी दिवा लगेच बंद करावा. एवढे तरी प्रत्येकाने आवर्जून करावे.

छायाचित्र घ्यायचे असल्यास ते समोरून, चारही पंख आणि स्पर्शिका स्पष्ट दिसतील असे घ्यावे, शेजारी मोजपट्टी धरावी आणि ठिकाण व तारीख नोंदवावी. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत याची अगदी जवळची दुसरी जात आढळते, त्यामुळे जातीचा नेमका निर्णय तज्ज्ञांना अशाच छायाचित्रावरून आणि ठिकाणावरून करता येतो.