सुशीच्या हॉटेलचे रिव्ह्यू निम्मे छान निम्मे वाईट असतील तर तिथे जाऊन नीट जेवायचं कसं

पुण्यात बाणेर, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर या भागात सुशी, म्हणजे आंबटगोड भात आणि बहुतेक वेळा कच्चा मासा यांचे जपानी घास, आता सहज मिळते, पण कुठल्याही हॉटेलचे रिव्ह्यू उघडा, एकजण म्हणतो इतकं सुंदर सॅमन आयुष्यात खाल्लं नाही आणि त्याच्याच खाली दुसरा म्हणतो भात कडक, माशाला वास, पैसे पाण्यात. मग ग्रुपवर प्रश्न येतो की जायचं का नाही. माझं मत सांगते, दोघंही बहुतेक खरंच बोलत असतात, कारण सुशी ही वार, वेळ आणि तुम्ही काय मागवलं यावर प्रचंड बदलते. ते बघून गेलात तर त्याच हॉटेलात तुमचं जेवण छान होऊ शकतं.

आधी रिव्ह्यू वाचायची पद्धत. स्टार बघूच नका. पदार्थाचं नाव शोधा आणि पार्सल होतं की तिथे बसून खाल्लं ते शोधा. निम्म्या तरी शिव्या पार्सलच्या असतात आणि त्याला कारण आहे, नोरी म्हणजे ती बाहेरची काळी शेवाळाची पट्टी ओल्या भाताला लागली की थोड्या वेळात सादळते आणि चिवट होते, दाताने तुटतच नाही. तेमाकी म्हणजे कोनासारखा रोल तर हातात मिळाल्या मिळाल्या खायचा असतो, तो डब्यात घालून घरी मागवण्यात काही अर्थ नाही. "पोर्शन लहान" हे सुशीबद्दल सगळेच लिहितात, सॅमन परदेशातून येतं त्यामुळे ते स्वस्त पडत नाही, ही तक्रार मी सोडून देते. पण "वास आला", "पोट बिघडलं" असं वेगवेगळ्या लोकांनी लागोपाठच्या आठवड्यांत लिहिलं असेल तर तिथे जाऊच नका, मग बाकी कितीही स्टार असूदेत.

वेळ कुठली निवडायची? शनिवारी रात्री नऊला नको. गरम किचन वेगळं असतं आणि सुशी करणारे हात एक-दोनच असतात, प्रत्येक रोल हाताने वळायचा, कापायचा, त्यामुळे गर्दीत टेंपुरा म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेली कोळंबी-भाज्या लगेच येतो आणि सुशीला पाऊण तास लागतो, आणि कधी कधी वेळ वाचवायला भात आधीच करून फ्रिजमध्ये ठेवलेला असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी उघडल्यावर लगेच किंवा संध्याकाळी साडेसात-आठला जा आणि काउंटर असेल तर काउंटरवरच बसा. तिथून सगळं दिसतं, मासा कशात झाकून ठेवलाय, सुरी आणि पाट पुसतात का, भात लाकडी भांड्यातून घेतात का फ्रिजच्या डब्यातून. शेफला सरळ विचारा, आज काय चांगलं आलंय. मनापासून विचारलं की शेफ खरं सांगतात असा माझा तरी अनुभव आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. आधी फक्त सॅमन निगिरीची, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर सॅमनचा तुकडा, एक प्लेट मागवा, शाकाहारी असाल तर काकडीचा साधा रोल. मेयो, तेरियाकी म्हणजे गोडसर सोया सॉस, तळलेला कुरकुरीत चुरा घातलेले मोठे रोल पहिल्यांदा नकोत, त्यात सगळं झाकलं जातं. निगिरी आली की आधी भात बघा. जपानी जातीचा आखूड चिकट तांदूळ, त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ, आणि तो साधारण अंगाच्या उबेइतका कोमट हवा, वरचा मासा मात्र गार. उचलताना गोळा सुटायला नको पण तोंडात घातल्यावर शितं मोकळी व्हायला हवीत, आणि चव किंचित आंबटगोड लागली पाहिजे, व्हिनेगर नाकात जाता कामा नये. भात गार आणि टणक लागला तर तो बहुतेक फ्रिजमधला आहे, आपला रात्रीचा भात सकाळी फ्रिजमधून काढल्यावर कसा कडक लागतो, थंडीत स्टार्च घट्ट होतो, तसंच ते. असं झालं तर पुढे सुशी मागवूच नका, रामेन म्हणजे सूपमधले नूडल्स, ग्योझा म्हणजे मोमोसारखे, टेंपुरा यावर जेवण करा आणि छान जेवून घरी या. पहिली प्लेट चांगली निघाली तर मग सावकाश पुढे जायचं, आधी हलके पांढरे मासे, मग सॅमन, ट्युना, आणि ऊनागी म्हणजे गोड सॉस लावून भाजलेली ईल शेवटी, कारण ती आधी खाल्ली की बाकी सगळं फिकं लागतं.

माशाबद्दल आपल्याकडे एक पक्का समज आहे की फ्रोझन म्हणजे वाईट आणि कोळणीकडचा ताजा तो चांगला. कालवणाला, तळायला बरोबर आहे, कच्चा खायला नाही. माशात अॅनिसाकिससारखे किडे असू शकतात आणि ते मरायला कडक गोठवावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मार्गदर्शनात उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 ला पूर्ण गोठवून 15 तास असं दिलंय, ट्युनाच्या काही जाती आणि ठरावीक खाद्यावर वाढवलेले मत्स्यशेतीतले मासे याला अपवाद आहेत. म्हणून "फ्रोझन आहे हो" असं वेटरने सांगितलं तर नाक मुरडू नका, उलट "सकाळी मार्केटमधून आणलेली सुरमई कच्चीच देतो" असं कोणी म्हणालं तर मी तरी खाणार नाही. गोठवल्याने किडे मरतात, बॅक्टेरिया नाही, त्यामुळे नंतर थंड कसं ठेवलंय हे महत्त्वाचं राहतंच. चांगल्या तुकड्याला समुद्राचा हलका वास येतो, आंबूस किंवा अमोनियासारखा येत नाही, आणि तो बुळबुळीत नसतो. ट्युना खाताना जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर तिथेच थांबा, नीट थंड न ठेवलेल्या ट्युना-बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि नंतर तोंड लाल होणं, डोकं दुखणं सुरू झालं तर डॉक्टरकडे जा. गरोदर बाई, लहान मुलं, आजारी किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्यांना शिजवलेलंच द्या.

घरात अर्धे शाकाहारी असतात, किंवा कोणाचा गुरुवार असतो, तर इथे फार जपून. अॅव्होकाडो, काकडी, शतावरीचे रोल ठीक, पण मिसो सूप दिसायला शाकाहारी असलं तरी त्यातला दाशी म्हणजे मूळ रस्सा बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो, टेंपुराबरोबरच्या पातळ सॉसमध्येही तोच, आणि इनारी म्हणजे टोफूची ती गोड पिशवी, तीसुद्धा बऱ्याचदा दाशीत शिजवलेली असते. मेयोत अंडं असू शकतं. रोलवरचे केशरी दाणे म्हणजे माशाची गाभोळी, बऱ्याचदा उडत्या माशाची. "व्हेज आहे ना" असं विचारलं की वेटर हो म्हणून मोकळा होतो, म्हणून "दाशी कशाचा आहे" असंच विचारा आणि किचनमधून विचारून यायला सांगा. सोया सॉसमध्ये गहू असतो, क्रॅब स्टिकमध्ये मुख्यतः पांढऱ्या माशाचा लगदा असतो आणि अंड्याचा पांढरा भागही असू शकतो, अॅलर्जीवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

खाण्याच्या पद्धतीनेही चव बिघडते. निगिरी भाताच्या बाजूने सोयात बुडवली की भात सगळं शोषतो, सुटतो आणि मग "खूप खारट होतं" असा रिव्ह्यू पडतो. उलटी करून माशाची बाजू जरा टेकवा, हाताने खाल्लं तरी चालतं, जपानमध्येही खातात. आलं दोन घासांच्या मध्ये खायचं, सुशीवर ठेवून नाही. हिरवी वासाबी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग अशीच असते, झणका थेट नाकात जातो, त्यामुळे शेंगदाण्याएवढी सुद्धा एकदम नको.

काही खटकलं तर एक तुकडा खाऊन लगेच सांगा, प्लेट संपवून नाही. आवाज न चढवता, "भात गार आहे, बदलून द्या" एवढंच, नीट हॉटेलं बदलून देतात आणि बदलून देतात का नाही यावरूनच परत जायचं का ते कळतं. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर काढायला सांगा, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 सालीच तसं सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं, नाही ऐकलं तर 1915 ही हेल्पलाइन आहे. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर आहे का तेही बघून घ्या.

आणि घरी आल्यावर रिव्ह्यू लिहाच, पण "ऑसम" किंवा "बकवास" एवढाच नको. कुठला वार, किती वाजता, बसून का पार्सल, काय काय मागवलं, भात कसा होता, मासा कसा होता, तक्रार केली तर काय झालं, हे चार ओळीत टाका.