लिंकचा नट फिरतो पण सुटत नाही: पिकअपचा स्टॅबिलायझर बार कसा काढावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात डांबर सोडून आत वळलं की पाणंद सुरू होते. एक चाक ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत, दुसरं जांभ्याच्या उंचवट्यावर. स्टॅबिलायझर बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा वाकवलेला दांडा. तो डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला एकमेकांशी बांधून ठेवतो. त्याचं प्रत्येक टोक एका छोट्या दांड्याने, म्हणजे लिंकने, सस्पेन्शनला जोडलेलं असतं. वळणावर गाडी कलू नये म्हणून तो लागतोच. पाणंदीत मात्र एक चाक वर गेलं की हा बार दुसऱ्यालाही वर ओढतो. चाक हलकं होतं आणि जागेवर गरगरा फिरत बसतं.

बार काढल्यावर फरक किती पडेल, हे गाडीवर आहे. पुढे अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग असेल तर भरपूर पडतो. माझ्यासारखी पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन वेगळे आर्म) असेल तर चाकाची हालचाल थोडीच वाढते, पण गाडी डावी-उजवीकडे जी हिसके देते ते बरेच कमी होतात. शेताच्या वाटेवर मला तेवढं पुरतं.

गाडी सपाट फरशीवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना उटी (चाक अडवणारे ठोकळे) लावा. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरच राहू द्या. खाली हात जात नसेल तर दोन्ही बाजू सारख्या उंचीवर स्टँडवर घ्या. जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नका.

एकच बाजू उचलायची नाही, हे मी जोर देऊन सांगतो. एक चाक खाली लोंबतं, दुसरं जमिनीवर असतं, म्हणजे बार पिळलेला असतो. मी पहिल्यांदा असंच केलं होतं. नट निघाला, लिंकचा खिळा भोकातून सुटला आणि बारचं टोक सपकन येऊन मनगटावर बसलं. जॅकवरचा पोरगा घाबरून ‘साकु, साकु’ (कन्नडमध्ये ‘पुरे, पुरे’) ओरडत होता. हात आठ दिवस सुजला होता. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असली की लिंक हाताने हलवता येते. ती हलत नसेल तर नटाला हात लावू नका, आधी गाडी नीट उभी करा.

आता खरी अडचण. आजच्या बहुतेक लिंकच्या टोकाला गोळी असते, तिच्यावर रबरी बूट आणि बाहेर आट्यांचा खिळा. नटाला पाना लावून फिरवलं की आतली गोळीच फिरते. नट फिरताना दिसतो, पण सूतभरही बाहेर येत नाही. आपल्याकडच्या पावसात दोन वर्षं भिजलेली लिंक असेल तर हे होणारच. अशा वेळी गॅरेजमध्ये इम्पॅक्ट गन लावतात. माझ्या एका लिंकवर लावली तेव्हा गोळी आतल्या आत फिरून तापली, बूट फाटला आणि नट होता तिथेच राहिला. तेव्हापासून या नटाला मी गन लावू देत नाही.

खिळ्याच्या टोकाला बहुधा ॲलन कीचं षट्कोनी भोक असतं. ते दिसत नाही, कारण त्यात लाल माती भरून विटेसारखी घट्ट झालेली असते. सायकलची तार घ्या आणि तळापर्यंत कोरून काढा. नटाच्या बाहेर उरलेले आटे तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. गंजलेले आटे तसेच ठेवले तर सुटलेला नटही अर्ध्यावर पुन्हा चावतो. मग गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर सोडा. दहा मिनिटांत काही होत नाही. सकाळी ॲलन की हातोडीने हलकेच ठोकून तळाशी बसवा, ती घट्ट धरून ठेवा आणि नट रिंग पान्याने सोडवा. अर्धा फेरा उलटा, पाव फेरा सुलटा, परत स्प्रे. की चांगल्या पोलादाची घ्या. स्वस्तातली की भोकाचे कोपरे गोल करते आणि मग पकडायला काहीच उरत नाही.

तसं झालंच तर बुटाच्या मागे खिळ्याला सपाट बाजू आहेत का बघा. तिथे पातळ पाना बसतो. त्याही नसतील तर लिंक आणि आर्म यांच्यात पहार घालून ताण द्या, गोळी कधी कधी तेवढ्याने अडते. तेही जमलं नाही तर नट ग्राइंडरने उभा कापा. ब्रेकची रबरी नळी आधी ओल्या गोणपाटाने झाका, डोळ्यांना चष्मा लावा. गॅसने तापवू नका, बूट आणि आतलं ग्रीस जळून जातं. कापलेली लिंक गेलीच समजा. परत बसवताना दोन्ही बाजूंना नवीन जोडी घाला.

पुढचं सोपं आहे. चेसिसवरच्या दोन पट्ट्यांचे बोल्ट काढा, बार खाली घ्या. डी-बुशची (पट्टीखाली बारवर बसणाऱ्या D आकाराच्या रबराची) चिरलेली बाजू कुठे होती त्याचा फोटो घ्या आणि बारच्या डाव्या टोकाला रंग लावा.

‘एका अंगाची लिंक सोडा, काम होतं,’ असं सांगणारे खूप भेटतात. बार मोकळा होतो हे खरं, पण सुटलेलं टोक लोंबतं आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायरला, ब्रेकच्या नळीला किंवा ॲक्सलच्या बुटाला घासतं. बार पूर्ण काढा.

निघण्याआधी स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो का बघा. एकेक चाक पूर्ण लोंबतं ठेवून ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, तेही तपासा.

बार काढलेली गाडी पाणंदीपुरतीच चालवा. चोर्ला घाटाच्या वळणांवर किंवा राष्ट्रीय महामार्ग ४८ वर ती नेऊ नका. अचानक चाक वळवलं तर गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कलते, आणि मागे माल असेल तर सावरायला वेळ मिळत नाही. डांबरावर यायच्या आधी बार परत चढवायचा, यात मी सूट देत नाही.

चढवताना गाडी चाकांवर उभी असू द्या, नवीन नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज न सुटणारे) वापरा आणि बोल्ट सर्व्हिस पुस्तिकेतल्या टॉर्कवर आवळा. प्रत्येक नटावरून खिळ्यापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. पहिल्या फेरीनंतर खाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट हलला आहे, परत आवळा.