रिसीव्हरमधील कडकडाट: आधी उगम शोधा, मग ब्लँकर लावा

७ मेगाहर्ट्झच्या बँडवर कडकड सुरू झाली की बहुतेक हॅम (हौशी रेडिओचालक) आधी नॉइज ब्लँकरचे, म्हणजे कडकडाटाच्या झटक्यांपुरता रिसीव्हर क्षणभर मुका करणाऱ्या मंडलाचे, बटण दाबतात. माझ्या मते ते सर्वांत शेवटी दाबावे. प्रथम रिसीव्हर बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करावा. आवाज थांबला, तर दोष घरातच आहे. एकेक एमसीबी (वीज-पेटीतला स्वयंचलित स्विच) चालू करत गेल्यास तो सापडतो. दोषी उपकरणाच्या वायरीचे, उपकरणाजवळच, एचएफसाठीच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झ) फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या रिंगवर सहा-आठ वेढे घ्यावेत. नुसती एक क्लिप अडकवून एचएफवर फारसा फरक पडत नाही.

मेन स्विच बंद करूनही आवाज राहिला, तर त्याची लय ऐकावी. गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोणकडच्या बागायतीत सेकंदाला साधारण एक ‘टक्’ येत असेल, तर सौर कुंपणाचा, म्हणजे जनावरांना रोखण्यासाठी तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या कुंपणाचा, संशय घ्यावा. तारेला टेकलेले गवत किंवा तडकलेला इन्सुलेटर तिथे ठिणगी पाडतो, आणि बागमालकाला सांगून गवत काढून घेतले तरी पुष्कळ काम होते. सलग गुरगुर मात्र वीजवाहिनीची असते, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात ठिणगी पडून सेकंदाला १०० झटके उमटतात. बार्देश-सासष्टीच्या किनाऱ्यावर इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. पहाटेच्या दवाने तो ओलावला की गुरगुर वाढते आणि जोरदार पावसाने धुऊन गेला की घटते. याउलट, पावसात थांबून उन्हात परतणारा आवाज बहुधा सैल बोल्टचा असतो. एएम घेणारा व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) रिसीव्हर आणि छोटी यागी (दिशा दाखवणारी अँटेना) घेऊन खांब हुडकावा, त्याचा क्रमांक वीज कार्यालयाला कळवावा. खांबाला हात लावू नये, ठोकून तर मुळीच पाहू नये.

आता ब्लँकर. अँटेनावर येणारा झटका मायक्रोसेकंदांचा असतो, पण ५०० हर्ट्झ रुंदीच्या फिल्टरमधून गेला की तो काही मिलिसेकंद लांबतो. म्हणून तो अरुंद फिल्टरच्या आधीच कापावा लागतो. अमेरिकी रेडिओतज्ज्ञ जेम्स लॅम्ब यांनी १९३६ साली मांडलेल्या मंडलातही ही कापणी आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) टप्प्यातच होत असे, आणि एसडीआरमध्येही (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रिसीव्हरमध्येही) क्रम हाच ठेवावा. पातळी शून्यापासून हळूहळू वाढवून टकटक जाताच थांबावे, आणि एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे नियंत्रण) जलद ठेवावा, नाहीतर प्रत्येक झटक्यानंतर रिसीव्हर क्षणभर बहिरा होतो. कुंपणाच्या सुट्या टकटकीवर ब्लँकर उत्तम चालतो, वाहिनीच्या गुरगुरीवर अर्धामुर्धाच. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जोरदार स्टेशन आले, तर ब्लँकर त्याचीच शिखरे कापतो आणि सारा बँड फाटल्यासारखा ऐकू येतो; त्या स्टेशनला बोल लावण्याआधी आपला ब्लँकर बंद करून पाहावा.