पुणे ते बेंगळुरू : बिऱ्हाड पोचतं त्या दिवसाची तयारी

पुणे-बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून सरळ. आम्ही गेलो ते फिरायला नव्हे, बिऱ्हाड हलवायला. टायरची हवा, पीयूसी, विमा, फास्टॅगमधले पैसे ही तयारी कुणीही करतं. आमची फजिती रस्त्यावर झालीच नाही, झाली ती नव्या घराचं कुलूप उघडल्यावर. म्हणून ही यादी शेवटच्या टोकाकडून धरली आहे.

आधी पोचायची वेळ ठरवा आणि मुक्काम त्यावरून ठरवा. एका दिवसात पोचणारे लोक आहेत, पण त्यांच्या मागच्या सीटवर सासूबाई आणि तुळशीची कुंडी नसते. आम्ही चित्रदुर्गला राहिलो. तिथून बेंगळुरू दोनशे किलोमीटर. दावणगिरीलाही राहता येतं, लोणी डोसा हे कारण पुरेसं आहे. सकाळी लवकर निघायचं, हिरियूर, सिरा, तुमकूर करत दुपारच्या आत शहरात शिरायचं. रविवारी संध्याकाळी मात्र चुकूनही नको. गावाला गेलेलं अर्धं बेंगळुरू त्याच वेळी तुमकूर रोडने परतत असतं, आणि नेलमंगलाच्या पुढे गाडी चालवण्यापेक्षा ढकलल्यासारखी वाटते. घर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूला असेल तर शहरात न शिरता नाईस रोड पकडा. टोल वेगळा पडतो, पण दमलेल्या माणसाने तिथे हिशेब करू नये.

निघण्याच्या आठवडाभर आधी नव्या सोसायटीच्या कार्यालयात फोन करा. सामान आणायला लेखी परवानगी लागते का, लिफ्ट किती ते किती मिळते, रविवारी चालतं का, पैसे किती भरायचे, हे विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. गेटवरचा वॉचमन तोंडी निरोप मानत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मोठ्या ट्रकला शहरात दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, तेव्हा सामान छोट्या टेम्पोत उतरवून आणणार का आणि त्याचे पैसे कोण देणार, हेही आधीच बोलून घ्या. ट्रक पूर्ण आपला आहे की पार्ट लोड, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पार्ट लोड म्हणजे वाटेत कुठल्या तरी गोदामात आपली कपाटं दुसऱ्याच्या सोफ्याखाली पडून राहणार. आमचा ट्रक सांगितल्या दिवसानंतर तीन दिवसांनी आला. ड्रायव्हरचा नंबर ट्रक हलायच्या आधी घ्या. नंतर ऑफिसात फोन केला की फक्त ‘रस्त्यात आहे’ असं कळतं.

म्हणून तीन दिवसांचा संसार गाडीत हवा. अंथरूण-पांघरूण, टॉवेल, बादली-मग, औषधं, एक्स्टेंशन बोर्ड, पाना-स्क्रूड्रायव्हर, दोन एलईडी बल्ब (आधीचे भाडेकरू बल्ब काढून नेतात, पंख्याचा रेग्युलेटर नेला नाही तर आभार माना). गॅस लगेच मिळत नाही. जुन्या गावात सिलेंडर-रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्यायची, तिथे मिळालेली पावती नव्या एजन्सीला दाखवायची, मग जोडणी. तोवर इंडक्शन. आम्ही इंडक्शन आठवणीने गाडीत ठेवलं होतं. घरमालकीण आंटी नंदिनी दुधाची निळी पिशवी घेऊनच वर आल्या, नव्या घरात आधी दूध उतू जायला हवं म्हणून. आपल्याकडेही तेच. सासूबाई खूश. पातेलं ठेवलं, बटण दाबलं, आणि शेगडी नुसती टीं-टीं करत राहिली. पातेलं ॲल्युमिनियमचं! इंडक्शनला चालणारी सगळी भांडी ट्रकमध्ये. शेवटी आंटींच्या पातेल्यात दूध उतू गेलं. तेव्हा घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला आधी फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटेल तेच गाडीत.

गाडी भरताना स्टेपनी, जॅक आणि पाना सामानाखाली गाडू नका. कोल्हापूरच्या पुढे एक कुटुंब रस्त्याकडेला अख्खी डिकी रिकामी करून बसलेलं दिसलं, त्यात कुकरसुद्धा होता. देव डब्यात, डबा मांडीवर. तुळशीला निघायच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका, नाहीतर चिखल पायपुसण्यावर.

कागदांची पिशवी ट्रकमध्ये नाही, गाडीतही डिकीत नाही, पायाशी. घराचा करार, आधार, गाडीचं आरसी, मुलांचं लसीकरणाचं कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. राज्य बदलताना अनेक शाळा त्या दाखल्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती पुण्यात असतानाच घ्या, बेंगळुरूहून त्यासाठी परत येण्यासारखं दुसरं वैताग आणणारं काम नाही. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर तिकडची नोंदणी करावी लागते, त्यासाठी इकडच्या आरटीओचं ना-हरकत, आणि कर्ज असेल तर बँकेचंही. कर्नाटकचा रोड टॅक्स चांगलाच चढा आहे. जुनी, कमी किमतीची गाडी असेल तर ती इथेच विकून जावी का, हा हिशेब निघण्याआधी कागदावर मांडा. आम्ही मांडला नाही.

पाण्याचं घरमालकाला नेमकं विचारा: कावेरीचं (म्हणजे नळाचं), बोअरचं, की टँकरचं? बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि गीझर लवकर खराब होतो.

भाषेची भीती नको. अण्णा, अक्का आपल्याकडे आहेतच. ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘एष्टु’ म्हणजे किती, एवढ्यावर पहिला आठवडा निघतो.

आणि झाडू. जुन्या घरचा झाडू नव्या घरात नेत नाहीत, असं सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, त्यामुळे बेंगळुरूतली आमची पहिली खरेदी तीच. कोपऱ्यावरच्या दुकानात मी झाडू उचलून मोठ्या ऐटीत विचारलं, ‘अण्णा, एष्टु?’ त्याने हिंदीत उत्तर दिलं.