पावसाळ्यात वस्तीवरचा जनरेटर : आकार, जोडणी आणि जागा

रोहिणी-मृगाचे वारे सुटले की फांदी तारांवर पडते, डीपीचा (वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडतो आणि गावात लाइट आली तरी मळ्यातल्या वस्तीवर अंधारच असतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांना वीज परत येईपर्यंत आठवडे लागले. तेवढे मोठे संकट सोडा, एक रात्र लाइट गेली तरी दूध काढणी यंत्र थांबते आणि पिल्लांचे ब्रूडर गार पडते. अशा वेळी २ ते ५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर उपयोगी पडतो. तो मृग लागायच्या आधीच तपासून, जोडून ठेवावा. पावसात भिजत टेप गुंडाळत केलेली जोडणी हाच खरा धोका.

मोटर चालू होते का, हे आधी बघा

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत आकाराची होते. दिवे, पंखे, फ्रिज यांचे वॅट मिळवले जातात, बेरीज दीड हजार येते, आणि २ केव्हीएचा जनरेटर घरी येतो. पण मोटर सुरू होताना तिला चालू करंटच्या चार ते सहा पट करंट काही क्षण लागतो. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ६-७ अँपिअर घेते, सुरू होताना २५-३० अँपिअर ओढते. जनरेटर तेवढे देऊ शकला नाही तर इंजिन दबते, व्होल्टेज कोसळते आणि मोटर नुसती घुमत राहते. तशीच राहू दिली तर वाइंडिंग जळते.

ढोबळ हिशेब असा: अर्धा एचपीला २ केव्हीए, १ एचपीला साडेतीन, दीड एचपीला ५ केव्हीए. पाटीवर केव्हीए लिहिलेले असेल तर ०.८ ने गुणा, साधारण किलोवॅट मिळतील. त्यातही सतत चालवायचा भार तीन-चतुर्थांशाच्या वर नेऊ नका. पैसे मोजण्याआधी आपलीच मोटर त्या जनरेटरवर लावून दाखवायला सांगा. दुकानातला बल्ब पेटून काहीच सिद्ध होत नाही.

आधी सगळ्यात मोठी मोटर सुरू करावी, ती स्थिरावल्यावर बाकीचे एकेक लावावे. दूध काढणी यंत्राचा व्हॅक्यूम पंप सुरू करताना हवेचा कॉक उघडा ठेवला तर मोटर हलकी सुटते. कडबाकुट्टी रिकामी सुरू करावी, वैरण नंतर घालावी. ब्रूडरच्या साध्या बल्बांना असा झटका नसतो, पण भार मोठा होतो: एका पिल्लामागे १ ते २ वॅट धरले तर हजार पिल्लांना १ ते २ किलोवॅट. विहिरीवरची थ्री फेज ५ एचपीची मोटर या जनरेटरवर चालत नाही. कंडेन्सर लावून चालवण्याचा जुगाड इथे तर करूच नका.

पेट्रोलचे गणितही कडू आहे. एका लिटरमागे दीड ते दोन युनिट वीज मिळते. म्हणजे या विजेवर गीझर लावणे म्हणजे पेट्रोल जाळून आंघोळीचे पाणी तापवणे. चूल आहेच की! सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास चालवून त्यातच दूध, पिण्याचे पाणी, फ्रिज आणि मोबाइल उरकावेत. मधल्या वेळात फ्रिज उघडू नये, बंद दरवाजाचा फ्रिज चारेक तास गारवा धरतो.

जोडणी : दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घरात ठेवूच नका

जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी खुपसून घर चालवणारे बरेच आहेत. मेन स्विच पाडला की झाले, असे त्यांना वाटते. पण तो पाडायचे एकदा विसरले की २३० व्होल्ट सर्व्हिस वायरने उलटे डीपीपर्यंत जातात. जी डीपी ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करते, तीच उलट दिशेने त्याचे पुन्हा हजारो व्होल्ट करते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन मरतो. आणि अचानक लाइट आली तर जनरेटरचे अल्टरनेटर जळून जाते.

त्यासाठी मीटरनंतर डबल पोल चेंजओव्हर स्विच लावावा. सिंगल फेज घराला ३२ अँपिअरचा पुरतो. त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत, फक्त फेज तोडणारा स्विच चालत नाही. घर, मेन आणि जनरेटर एकाच वेळी एकत्र येऊ शकत नाहीत, एवढे एकच काम तो करतो, पण तेच महत्त्वाचे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर बऱ्याचदा दोन्ही भोकांत तो मिणमिणतो. जनरेटर बिघडलेला नसतो, त्याचा न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेला नसतो, इतकेच. अशा स्थितीत घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, शॉक बसला तरी पडत नाही. ओल्या गोठ्यात हे महागात पडते. मॅन्युअल पाहून न्यूट्रल, जनरेटरची बॉडी आणि अर्थिंगचा रॉड एकत्र जोडून घ्यावेत, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी टेस्टचे बटण दाबून तपासावा.

वायर तीन कोअरची, तांब्याची, किमान २.५ चौरस मिमीची घ्यावी. जनरेटर घरापासून ३० मीटरवर असेल तर करंट जाऊन-येऊन ६० मीटर प्रवास करतो. १ चौरस मिमीच्या वायरीत मोटर सुरू होताना ३० अँपिअरला सुमारे ३५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, २.५ च्या वायरीत १४. मोटर उचलत नाही म्हणून जनरेटरला दोष दिला जातो, आणि खरा चोर असतो ती बारीक वायर.

पडवीत नाही, गोठ्यात नाही, पंपाच्या खोलीतही नाही

पाऊस आला की जनरेटर ओढून पडवीत घ्यायचा मोह होतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. खिडकी उघडी ठेवून किंवा पंखा लावून भागत नाही. घरात एकापेक्षा जास्त जणांचे डोके दुखू लागले तर सगळ्यांनी बाहेर मोकळ्यात यावे, मग १०८ ला फोन करावा. जनरेटर कोण बंद करणार याचा वाद घालत आत थांबू नये.

घरापासून आणि गोठ्यापासून किमान २० फूट लांब, फूटभर उंच ओटा करावा. वर चार खांबांवर पत्रा, चारही बाजू उघड्या. मोसमी वारा आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून ओटा घराच्या पूर्वेला आणि सायलेन्सरचे तोंड घराच्या विरुद्ध बाजूला. परतीच्या पावसात वारे फिरतात, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्यात. सायलेन्सर तापून लाल होतो, कडब्याची गंजी आणि पेट्रोलचा डबा त्याच्याजवळ नको. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून पंधरा मिनिटे निवू द्यावे.

इंजिन का रुसते

महिनाभर पडून असलेला जनरेटर चालू होत नाही, याचे कारण बहुतेक वेळा पेट्रोलच असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात पाणी तळाशी बसते, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) चोंदतो. काम झाले की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. चालू झालेच नाही तर कार्बोरेटरच्या तळाचा बोल्ट सैल करून साचलेले वाटीत काढून बघा. खाली पाण्याचे थेंब वेगळे दिसले तर टाकीही रिकामी करावी. जुन्या इंजिनांत रबरी नळ्या फुगतात, त्या बदलून घ्याव्यात.

पेट्रोल आहे, प्लगला ठिणगी नाही, असे असेल तर आधी ऑइल पाहावे. पातळी कमी असली की सेन्सर ठिणगीच तोडतो, आणि माणूस दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतो. जनरेटर उतारावर ठेवला तरी तेच होते. नव्या इंजिनचे पहिले ऑइल २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी बदलावे. प्लगमधील अंतर ०.७ ते ०.८ मिमी. फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, थोडे ऑइल लावून पिळून बसवावा.

इंजिन छान चालते पण घरचा इन्व्हर्टर चार्जच होत नाही, ही नेहमीची तक्रार. इन्व्हर्टरच्या मागचे बटण 'यूपीएस' वर असते. त्या मोडला जनरेटरची खालीवर होणारी वीज पसंत पडत नाही. बटण 'नॉर्मल' वर करून पाहावे. दूध तपासणीचे यंत्र किंवा संगणक चालवायचा असेल तर साध्याऐवजी स्थिर वीज देणारा 'इन्व्हर्टर जनरेटर' घ्यावा.

लाइट आली हे कळायला चेंजओव्हरच्या मेनकडच्या बाजूला, मीटरनंतर, एक छोटा एलईडी दिवा कायम जोडून ठेवावा. तो पेटला की लगेच स्विच फिरवू नये. दुरुस्तीनंतर लाइट दोन-तीनदा ये-जा करते, कधी न्यूट्रल सुटलेला असतो आणि व्होल्टेज ३०० च्या वर जाते. दहा मिनिटे दिवा स्थिर दिसला आणि मीटरवर २०० ते २५० व्होल्ट आले की आधी मोटरी बंद कराव्यात, मग स्विच मेनवर घ्यावा आणि जनरेटर दोन-तीन मिनिटे बिनभाराचा चालू ठेवून कॉक बंद करावा.