पालकगट ते पटसंख्या: वर्गशिक्षकांनो, ऑनलाइन कामात या चुका टाळा

जून उजाडला की वर्गशिक्षक आधी व्हॉट्सॲपवर पालकांचा गट काढतो, मग हजेरीपटावर नावं चढवतो. दिवाळीपर्यंत त्या गटात गृहपाठ, सुप्रभात, कुणाच्या तरी दुकानाची जाहिरात, आधार कार्डाचे फोटो आणि ‘सर, उद्या शाळा आहे का?’ हे सगळं एकत्र नांदायला लागतं. मग शिक्षक म्हणतात, पालक मेसेज वाचतच नाहीत. पालक वाचतात हो, त्यांना वेळेवर सापडत नाही. शिक्षकाच्या स्वतःच्या फोनाचीही तीच गत. शासन निर्णय, शिष्यवृत्तीची यादी, केंद्रप्रमुखांनी मागितलेला तक्ता, सगळं एका डाउनलोड फोल्डरात गुडूप.

यावर नवीन ॲप हा उपाय नाही. फोनात आहेत ती चार साधनं पुरतात. कोणतं काम कुठे करायचं, एवढं शाळा सुरू होतानाच ठरवावं लागतं. ते न ठरवल्यामुळे होणाऱ्या नेहमीच्या चुका आणि त्यांवरचे उतारे खाली देतो.

सूचनांच्या गटात सगळ्यांना बोलू देणं

सूचनांचा गट वेगळा आणि गप्पांचा गट वेगळा. सूचनांच्या गटात परवानग्यांमध्ये जाऊन मेसेज पाठवण्याचा हक्क फक्त ॲडमिनला ठेवा. पालकांना वाईट वाटेल ही भीती अनेकांना असते. वाटत नाही, उलट सुटल्यासारखं होतं.

साध्या गटात आणखी एक अडचण आहे. प्रत्येक आईचा नंबर सगळ्या पालकांना दिसतो. व्हॉट्सॲपमध्ये 2022 पासून ‘कम्युनिटी’ची सोय आहे. तिच्या घोषणागटात सदस्यांचे नंबर इतर सदस्यांपासून झाकलेले राहतात. मुलींच्या आयांचे नंबर गावभर फिरू नयेत असं वाटत असेल तर हीच वाट घ्या.

काहीजण ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवणारी यादी) वापरतात आणि अर्ध्या पालकांना मेसेज पोचतच नाही. कारण साधं आहे: ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनात जतन केलाय, त्यालाच ब्रॉडकास्ट जातो. पहिल्या पालकसभेत चहा येण्याआधी सगळ्यांकडून तिथल्या तिथे नंबर सेव्ह करून घ्या. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, एका वर्गाला ते भरपूर झाले.

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की…’

फोनच्या बंद पडद्यावर मेसेजची पहिली ओळच दिसते. ती ओळ ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की’ यातच संपली तर मुद्दा दिसणार कधी? ‘शुक्रवारी सकाळी 8 वाजता शाळा. डबा नको. गणवेश हवा.’ एवढं पुरे. परिपत्रकाची भाषा परिपत्रकात शोभते.

ज्या घरात वाचता येणारं माणूस संध्याकाळशिवाय नसतं, तिथे अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज पाठवा, आणि जमलं तर तिथल्या बोलीत. अहिराणी बोलणाऱ्या आजीला तुमचं प्रमाण मराठीतलं निवेदन ऐकण्यात काडीचा रस नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे नंबर दसऱ्या-दिवाळीनंतर बदलतात किंवा बंद पडतात. म्हणून जूनमध्येच दुसरा एक नंबर घेऊन ठेवा: गावात मागे राहणाऱ्या चुलत्याचा, आजीचा, किराणा दुकानदाराचा.

आणि फळा सोडू नका. घरात फोन एकच असतो, तो बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. सकाळी अकराला गटात टाकलेला गृहपाठ त्या मुलाला झोपायच्या वेळी कळतो. गृहपाठ फळ्यावर लिहा. गट फक्त आठवणीला ठेवा.

रात्री दहाला उत्तर देणं

एकदा दिलंत की ते कायमचं. शाळेसाठी दुसरं सिम असेल तर त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे आणि त्याच फोनात नेहमीच्या व्हॉट्सॲपशेजारी चालतं. त्यात ठरावीक वेळेनंतर आपोआप जाणारा मेसेज लावता येतो: ‘शाळेच्या कामाची उत्तरे सकाळी 10 नंतर मिळतील. मूल आजारी असल्यास फोन करा.’ दुसरं वाक्य विसरू नका. खरी अडचण असलेल्या पालकाला दार बंद दिसता कामा नये.

गटात कधीच टाकू नयेत अशा गोष्टी

फी थकलेल्यांची यादी. ‘अप्रगत’ मुलांची यादी. चाचणीचे गुण नावांसकट. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँक पासबुक यांचे फोटो. पालक स्वतःहून आधारचा फोटो गटात टाकतात, कारण आपण लिहिलेलं असतं, ‘आधार पाठवा’. ‘मला एकट्याला’ हे दोन शब्द वाढवले की प्रश्न मिटला. तरीही कुणी टाकलाच तर ॲडमिनला तो सगळ्यांसाठी पुसता येतो. पण तोवर तो कुणाकुणाच्या गॅलरीत उतरला असेल, त्याचं काही करता येत नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. स्नेहसंमेलनाचे फोटो स्टेटसला लावायची सवय असेल तर प्रवेशाच्या वेळीच लेखी होकार घेऊन ठेवा. एखाद्या आईने नको म्हटलं तर कारण विचारू नका.

एक्सेलने खाल्लेले चार अंक

ही चूक मी सर्वांत घातक मानतो, कारण झाली तेव्हा कळतच नाही. विद्यार्थ्याचा सरल आयडी, म्हणजे शिक्षण विभागाच्या सरल पोर्टलवरचा त्याचा ओळख क्रमांक, 19 अंकी असतो. एक्सेल मात्र कोणत्याही संख्येचे पहिले 15 अंकच लक्षात ठेवतं आणि पुढच्यांच्या जागी शून्य टाकतं. तुम्ही रकान्यात आयडी चिकटवता, तिथे 2.02E+18 असलं काहीतरी दिसतं. तुम्हाला वाटतं रकाना अरुंद आहे, म्हणून तो रुंद करता. मग फॉरमॅट बदलून संख्या पूर्ण उलगडता आणि हायसं वाटतं. नीट बघा: शेवटचे चारही अंक 0000. खालच्या मुलाचे 0000. त्याच्या खालच्याचेही तेच. मुलागणिक बदलणारे अंकच गेले. फाइल सेव्ह झाली असेल तर ते परत येत नाहीत. मूळ यादी काढून पुन्हा भरावी लागते.

उपाय काही सेकंदांचा आहे, पण तो आधी करावा लागतो. रिकामा रकाना निवडा, त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा, मग आयडी चिकटवा. एखादाच आयडी हाताने टाकायचा असेल तर पुढे एकेरी अवतरणचिन्ह द्या, ते छपाईत दिसत नाही. गूगल शीटलाही हाच नियम लावा. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) दोनदा टिचकी मारून उघडली तरी हेच घडतं. तिथे मूळ फाइल शाबूत असते, फक्त ती सेव्ह न करता बंद करा. नंतर एक्सेलमधल्या ‘डेटा’ विभागातून ती आत घ्या आणि आयडीच्या रकान्याला टेक्स्ट म्हणून खूण करा.

12 अंकी आधार क्रमांकही असाच विचित्र दिसतो, पण तो 15 च्या आत असल्याने नष्ट होत नाही. तसा तो तुमच्या खासगी शीटमध्ये असायचं कारणही नाही.

फॉर्म: पालकांना उघडत नाही, तुम्हाला उघडतो

पत्त्याच्या पट्टीतली लिंक उचलून गटात टाकली की असं होतं. ती तुमची संपादनाची लिंक असते. पालकांना ‘परवानगी मागा’ असा पडदा दिसतो आणि तुमचा मेलबॉक्स विनंत्यांनी भरतो. भरायची लिंक फॉर्ममधूनच वेगळी घ्यावी लागते. शाळेच्या डोमेनचं खातं असेल तर फॉर्म संस्थेपुरता मर्यादित राहिला नाही ना, तेही तपासा. गटात टाकण्याआधी ती लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून बघा. तिथे उघडली तर पालकांकडेही उघडेल.

फोटो किंवा कागद चढवायचा प्रश्न घातलात तर पालकाला गूगल खात्यात शिरावंच लागतं. ज्याला स्वतःच्या खात्याचा पासवर्ड ठाऊक नाही तो तिथेच थांबतो. शिवाय चढवलेला प्रत्येक कागद तुमच्याच ड्राइव्हची जागा खातो. कागद शाळेत मागवा आणि तुम्हीच फोटो काढा, ते लवकर होतं.

फॉर्ममध्ये मुलाचं नाव लिहायला सांगू नका. एकच मूल एकदा मराठीत येतं, एकदा इंग्रजीत, एकदा आडनाव आधी, एकदा वडिलांच्या नावाशिवाय. मग याद्या जुळवण्यात रविवार जातो. हजेरी क्रमांकाची यादी द्या, त्यातून निवडू द्या. मराठीत टाइप केलेली नावं शोधतानाही गंमत होते. वसईकडच्या एखाद्या ॲनाचं नाव कुणी ‘ॲ’ या एका अक्षराने टाइप करतं, कुणी ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण शोध घेणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी नावं वाटतात. मुलगी वर्गात समोर बसलेली असते आणि यादीत सापडत नाही.

चाचणीच्या फॉर्ममध्ये गुण लगेच दाखवण्याची सोय असते आणि सोबत बरोबर उत्तरंही दिसू शकतात. पहिल्या मुलाने सव्वासातला चाचणी दिली की साडेसातला उत्तरं वर्गभर. सगळ्यांची होईपर्यंत बरोबर उत्तरं दाखवण्याची खूण काढून ठेवा. पन्नासपैकी पन्नास मिळवणारे एकदम कमी होतील.

चौकोन आणि डबे

घरच्या संगणकावर नीट दिसणारी प्रश्नपत्रिका मुख्याध्यापकांच्या फोनात ‘fo|kFkhZ’छाप का होते? जुन्या श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट असेल तिथेच मराठी दिसतो. जुन्या फाइली पीडीएफ करून पाठवा; नवीन सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनात मराठीच दिसणाऱ्या टाइपात, टाइप करा. बोलून टाइप करायची सोय आता मराठीतही बरी चालते, विरामचिन्हं तेवढी हाताने घाला.

भिंतीवरच्या क्यूआर कोडचंही असंच. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव 2020 मध्ये जगभर गेलं आणि शाळाशाळांत भिंती कोडनी भरल्या. त्यातले बरेच आज मेलेले आहेत. काही फुकट संकेतस्थळं कोडमध्ये स्वतःची मधली लिंक घालतात आणि चाचणीकाळ संपला की ती बंद करतात. क्रोम ब्राउझरमध्येच लिंकचा कोड काढता येतो, त्यात मधला दलाल नसतो. रंगवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर तपासा. ऑइलपेंट खोडता येत नाही.

‘तातडीने सादर करा’

दुपारी दोनला निरोप येतो: आज चारपर्यंत माहिती हवी. यावर कॅलेंडर काही करू शकत नाही. पण ही माहिती बहुतेक वेळा तीच असते, रकाने तेवढे फिरवलेले असतात. म्हणून एक ‘तयार माहिती’ शीट करून ठेवा: शाळेचा 11 अंकी ओळख क्रमांक म्हणजे यू-डायस कोड, 30 सप्टेंबरची पटसंख्या इयत्तानिहाय, मुलं-मुली आणि संवर्गनिहाय, शिक्षकांच्या रुजू तारखा, खोल्या, स्वच्छतागृहं, शाळेचे अक्षांश-रेखांश. फोनच्या पहिल्या पडद्यावर तिचा शॉर्टकट. प्रवेश किंवा दाखला झाला की त्याच दिवशी ती बदला.

फाइलींना नाव द्या. ‘DOC-20240612-WA0007’ मधून एवढंच कळतं की ती 12 जूनला व्हॉट्सॲपवर आली. ‘2024-06-12 पोषण आहार शासन निर्णय’ असं लिहिलं की तारखेप्रमाणे आपोआप रांग लागते. तारीख वर्षापासून सुरू करा, दिवसापासून केली तर जून आणि ऑगस्ट एकमेकांत मिसळतात.

गूगलच्या फुकट खात्यात 15 जीबी जागा मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो या तिघांत वाटली जाते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच बसतो. ती भरली की येणारे मेल बंद होतात आणि कार्यालय म्हणतं, पत्र पाठवलं होतं. सगळ्या गटांचे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.

बदली झाली, खातं गेलं

शाळेचं गूगल खातं एखाद्या उत्साही शिक्षकाच्या खासगी नंबरवर उघडलेलं असतं. त्यांची बदली होते, नंबर बदलतो, ओटीपी कुणाच्या फोनवर जातोय ते कुणालाच माहीत नसतं. दोन वर्षं कुणी खात्यात शिरलंच नाही तर गूगल ते सामानासकट पुसूनही टाकू शकतं. आत्ताच रिकव्हरीसाठी मुख्याध्यापकांचा नंबर आणि दुसरा एक ईमेल जोडा. दोन पायऱ्यांची पडताळणी सुरू असेल तर गूगल ओटीपीऐवजी वापरायचे दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ अंकी. ते छापून बंद पाकिटात शिक्क्याच्या कपाटात ठेवा आणि पदभाराच्या यादीत त्या पाकिटाची नोंद करा. स्वतः बदलून जाणार असाल तर ड्राइव्हमधल्या शाळेच्या फाइलींची मालकी आधी शाळेच्या खात्याकडे द्या आणि पालकगटात नव्या वर्गशिक्षकांना ॲडमिन केल्यावरच बाहेर पडा.